पिवळी वायर

डंडीतल्या चॅरिटी दुकानातून
पंचवीस पौंडांना आणलेला लॅपटॉप.
बिजागरी सैल. आतले कुणाचे तरी फोटो
न बघताच पुसले.

आता काळा पडदा
आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ:
बोल, काय हवं?

काय नको ते पाठ होतं.
सावल्या नकोत, चित्रं नकोत,
दोन जीबीत भागेल एवढाच संसार.

पण वायफाय उठेना.
त्याला फर्मवेअर हवं,
आणि फर्मवेअर आणायला वायफाय.
किल्ली कोटात, कोट कुलपाआड.

रात्री साडेदहाला मिसेस पेट्रींचं दार वाजवलं.
त्यांनी काही विचारलं नाही.
राउटरला एक टोक खोचून
दुसरं जिन्यातून वर सोडलं,
दोन मजले, कठड्याला अडकत अडकत.
"मासा लागला की ओढ," म्हणाल्या.

लागला.
ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या.
पौंडाची कळ दाबली तर हॅश उमटलं;
तेही निस्तरलं.

बारानंतर वायर गुंडाळत खाली उतरलो.
दार उघडंच. "मिळालं का काही?"
काय सांगणार?
एक घड्याळ, एक रिकामी खिडकी,
आणि पंख्याची घरघर,
दम्याच्या माणसाला
नुकती झोप लागावी तशी.