फट

आधी काहीच नसणं मोजायचं असतं.
नळीला नळी भिडवून,
मग पितळी पत्र्यानं तोंड मिटून,
मग मध्ये पाव लहरीएवढा पोकळ तुकडा घालून.
यंत्राला पटलं की आपल्यात काही नाही,
तेव्हाच दगड आत ठेवायचा.

पंखा बंद. केबलला हात लावायचा नाही.
भाट्याच्या खाडीवरून झुळूक आली तरी
पडद्यावरची रेघ अंग चोरते.

जांभा हातखंब्याच्या खाणीतला, सोमवारी कापलेला.
धोंडू गोताडांनी ओल्या गोणपाटात बांधून एसटीनं आणला,
सीटला लाल डाग पडला म्हणून
कंडक्टरशी झालेलं भांडणही सोबत आणलं.
ताजा चिरा मऊ असतो, नखानं ओरखडा उठतो.

दहा गिगाहर्ट्झ. सेकंदात हजार कोटी हेलकावे.
इतक्या घाईत दगड कुठला हलतोय!
हलतं ते त्यातलं पाणी.
दर हेलकाव्याला वळू बघतं, मागे पडतं,
आणि त्या मागे पडण्याची ऊब
आम्ही दुसऱ्या रकान्यात लिहितो.

पहिल्या रकान्यात सहा पूर्णांक नऊ.
ओल्या जांभ्याला इतकं कमी?
नट आवळले. पुन्हा काहीच-नाही मोजलं.
पुन्हा सहा पूर्णांक नऊ.

गोताड दारात, न पेटवलेली विडी कानावर.
"फट ऱ्हायली तर भिंत गळतेच, बाय."
नळी उजेडाकडे धरली त्यांनी.
तुकड्याच्या वरच्या अंगाला नखाच्या जाडीची जागा.
तेवढ्या हवेनं
दगडाची तिसऱ्या हिश्श्याची साक्ष फिरवलेली.

दुसरा तुकडा त्यांनीच घासला, कौलाच्या खापरीवर,
थुंकी लावून (ती मी नोंदवहीत लिहिली नाही).
बावीस पूर्णांक शहाऐंशी, दहा पूर्णांक सोळा.
आत सरकताना तो बारीक किरकिरला.
नऊ पूर्णांक आठ.

मग रोज सकाळी अकराला एक आकडा.
नऊ. सात. पंधरा दिवस सुट्टीवर होते, ते रिकामे.
पाच पूर्णांक दोनवर येऊन थांबला तो.
खोलीच्या हवेत ठेवून खाली उतरेना.
कणांना धरून बसलेलं पाणी असतं थोडं,
भट्टीत घातल्याशिवाय सोडत नाही.
तो तुकडा मी भट्टीत घातला नाही. का, ते विचारू नका,
अहवालात त्याला जागा नाही.

मार्चमध्ये गोताडांचा फोन.
"सुकला काय ओ आपला चिरा?"
पाच पूर्णांक दोन, म्हटलं.
पलीकडे कटर चालू होता.
"म्हंजे?"
म्हणजे, जरा ओल आहे अजून.
कटर बंद झाला असावा, कारण त्यांचा श्वास ऐकू आला.

अधिक-उणे शून्य पूर्णांक तीन,
हे मात्र सांगायचं राहिलं.