साइड कव्हर

घरात कुणी नाही म्हणूनच आज खोलायचं ठरवलं.
शैला चंदगडला, भावाकडं.
चहा केला, प्यालो, कप धुतला,
आणि पाने घेऊन गोठ्याच्या वळचणीला बसलो.
आबांचा एचएमटी. रंग आता विचारू नका.
डाव्या अंगानं गळतोय दोन वर्षं,
सकाळी बशीएवढा काळा डाग.
मी त्यावर राख टाकतो, शैला माझ्यावर तोंड टाकते.

अकरा बोल्ट. दहा सुटले.
अकराव्याला रॉकेल पाजलं, हातोडीनं समजावलं,
मग उद्यमबागेत सव्वीस वर्षं लेथवर शिकलेल्या शिव्या
एकेक करून, दोन्ही भाषांतल्या.
कन्नड शिवीला सुटला.

कव्हर निघालं तसं गॅस्केट अर्धं इकडं, अर्धं तिकडं.
ब्लेडनं खरवडायला गेलो
तर तेलात मुरलेल्या पुठ्ठ्यावर रकाने.
गणित ५१. इतिहास ४४.
कन्नड १७, लाल शाईत. अजून लाल.

माझं प्रगतिपुस्तक. सहावीचं.
कडब्याच्या गंजीत खुपसलेलं,
आणि हरवलं म्हणून सांगितलेलं, आईची शपथ घेऊन.
आबा कधी काही बोलले नाहीत.
त्याच थंडीत ट्रॅक्टर खोलला होता त्यांनी,
पाने मीच देत होतो, बारा-तेरा, चौदा-पंधरा,
पुठ्ठा कुठला घेतला तेवढं बघितलं नाही.

खाली हिरेमठ सरांचा शेरा, वळणदार कन्नडमध्ये.
तेव्हा वाचता आला नव्हता, म्हणून तर सतरा.
आज चिंधीनं पुसला आणि झटक्यात लागला:
इन्नू ओदबेकु.
अजून वाचायला हवं.
पुढचं काहीतरी बोल्टच्या भोकात गेलंय.

बत्तीस वर्षं थेंब सुटला नव्हता.
सतरा मार्कांनी आणखी काय करायचं?

बेळगावातून आणलेलं नवं गॅस्केट एका भोकानं चुकलं.
टीव्हीच्या वर कुंद्याचा रिकामा खोका होता,
पोरगा पुण्याला न्यायचा विसरला, आम्हीच खाल्ला चार दिवस.
त्याचं झाकण कव्हरवर धरून
गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक.
लोखंडाची कडच पुठ्ठा कापते, कात्री लागत नाही.
भोकांना बेअरिंगचा छर्रा.

कुंपणापलीकडून मल्लवा,
'येनु माडाकत्तीरी, अण्णा?'
'अभ्यास,' म्हटलं.

दिवेलागणीला सुरू केला. पंधरा मिनिटं धडधडत ठेवला.
कुंद्याचा वास येईल म्हणून उगाच नाक नेलं जवळ,
डिझेलचाच आला.
खाली नवी राख पसरली होती. कोरडी.
कोरडी.
मग एक थेंब.

अकराव्या बोल्टपाशी बोट फिरवलं, ओलं.
'इन्नू,' म्हटलं त्याला,
आणि पाव आटा आणखी दिला.