वरचा ओठ

सतरा शटरांवर मीच काढली होती ती मिशी.
पहिली म्हापशाला, ब्याण्णव साली.
तेव्हा दुकान म्हणजे गाडा
आणि शटर म्हणजे पत्र्याचं एक दार.
गुरुदास लोटलीकर समोर स्टुलावर बसला,
एका हाताने रोस ढवळत,
म्हणाला, शाणू, मिशी जरा दाट काढ,
गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे घरात खायला आहे.
मजुरी ठरली चाळीस प्लेट कटलेट-पाव.
त्यातल्या अकरा अजून येणं आहेत.

मग फोंडा, कुडचडे, डिचोली, पर्वरी.
शटरागणिक मिशी रुंद होत गेली.
गुरुदास तेवढाच राहिला,
फक्त दिसेनासा झाला.

मग पर्वरीचं ते झालं.
मे महिना, साखरपुड्याची ऑर्डर,
एकेचाळीस माणसं इस्पितळात.
पेपरात फोटो छापून आला तो माझ्या चित्राचा:
मिशी, आणि मिशीखाली कुलूप.
गुरुदासने कॅमेऱ्यापुढे हात जोडले,
दुसऱ्या कुणी लिहिलेला कागद वाचला
अडखळत, शाळेत वाचायचा तसाच,
आणि पुढच्या सोमवारी त्याच्या खुर्चीत
निहारिका सबरवाल.

बाई वाईट नाही, खोटं कशाला बोलू.
तिने फ्रीजरांना थर्मामीटर लावले,
पोरांना आजारपणाची पगारी रजा दिली,
जी गुरुदासला तीस वर्षांत सुचली नव्हती.
मला खुर्ची दिली. आर्टिस्ट म्हणाली.
मग भिंतीवर एक तक्ता उजळला:
शंभरातल्या त्रेसष्ट जणांना
मिशी बघून केस आठवतो,
केस म्हटला की ताट.
"चेहरा ठेवू या दादा, चेहऱ्यावर विश्वास आहे.
फक्त मिशी काढायची."

मी विचारलं, खाली काय काढू?
ती तक्त्याकडेच बघत म्हणाली,
"ओठ असेल ना."

असेल.
पण जो कधी बघितलाच नाही तो ओठ काढायचा कसा?
मी माझ्या मेव्हण्याचा काढला.
गुळगुळीत, विमा विकणारा ओठ.
वर पांढऱ्या प्राइमरचे दोन हात,
नव्वद दिवसांनी बिल.

बाराव्या शटराला गुरुदास आला.
म्हापसा, शुक्रवारच्या बाजाराची गर्दी,
हातात वेलचीच्या केळ्यांचा घड.
रांगेत उभा राहिला सगळ्यांसारखा.
काउंटरवरच्या पोराने मोबाइल नंबर मागितला,
म्हणाला, अंकल, मेंबर झालात तर दहा टक्के कमी.
गुरुदासने पूर्ण पैसे मोजले.
बाहेर येऊन माझ्या शिडीखाली थांबला,
चावता चावता वर बघत.

"कोणाचो रे हो ओंठ?"

मी गप्प.
त्याने दोन बोटांनी स्वतःची मिशी वर उचलली,
पडदा सारावा तशी.
खाली एक चिरा, नाकापर्यंत गेलेला,
सोड्याची बाटली फुटली होती, म्हणाला, आठव्या वर्षी,
बापाच्या दुकानात. टाके घालायला पैसे नव्हते.
मिसरूड फुटलं तेव्हा देवाला नारळ दिला.

मग केळी सोलत तो नावं घेऊ लागला.
मला आधी वाटलं उधारीची असतील.
कृपा हळर्णकर. तिचा धाकटा, तीन वर्षांचा.
आंतोन कुलासो, सलाइनच्या चार बाटल्या.
एकेचाळीस. एकही चुकला नाही.
कागदावर, म्हणाला, "काही ग्राहक" असं लिहिलेलं.
मी तेवढंच वाचलं.

अर्धं केळं मला देऊन तो कदंबा स्टँडकडे गेला.

सतरावं शटर साखळीचं.
सुपरवायझर जेवायला गेलेला बघून
सगळ्यात बारीक ब्रशने
मी ओठावर एक रेघ ओढली, नाकापर्यंत.
परत आल्यावर त्याने बोट फिरवून बघितलं,
म्हणाला, पत्र्याला पोचा आहे वाटतं इथे.
म्हटलं, हो,
जुना आहे.