दात रंगवायचे नाहीत

स्वान्सीत, चॅपलमागच्या हॉलात
दर बुधवारी सातला
इद्रिस ट्रहर्न खुर्चीत बसतो, तासाला बारा पौंड,
आणि झोपतो.

मी सव्वीस वर्षं दात केले.
पोर्सेलीनचे, भिंगाखाली,
केसाएवढ्या फटीचा हिशेब ठेवत.
त्यामुळे पहिले तीन बुधवार
त्याच्या पापण्या एकेक करून लावल्या.
ग्लेनिस काही बोलली नाही.
सुरी घेतली आणि तव्याला लागलेलं धिरडं खरवडावं
तसे तिन्ही बुधवार काढून टाकले.

मग हातात ब्रश दिला,
दाराच्या चौकटी रंगवायचा.
"यानंच. आणि डोळे बारीक कर.
उरेल तेवढंच काढ."

बारीक केले.
इद्रिसचं नाक गेलं, भुवया गेल्या,
कार्डिगनची बटणं गेली.
उरली एक उजेडाची बाजू, एक अंधाराची,
आणि मध्ये कुठेतरी
हिरवट, नाव नसलेलं काहीतरी.
काव, पिवडी, पांढरा, चिमूटभर निळा.
जवसाच्या तेलाचा वास
चटणीसाठी जवस भाजताना येतो त्याच्या जवळचा,
पण तो नव्हे.

हात मात्र ऐकेना.
मनगट सैल सोडलं की बोटं आवळायची,
बोटं सोडली की श्वास अडायचा.
ग्लेनिस मागून: ठेव, आणि सोड.
घोटलंस की चिखल.

काल इद्रिस तोंड उघडं टाकून झोपला होता.
वरचे पुढचे सहा माझे.
दोन हजार नऊची ऑर्डर,
डावा सुळा मुद्दाम जरा तिरका,
कारण सोबत त्याच्या लग्नाचा फोटो आला होता.
त्याला ठाऊक नाही.
दातांवर कुणाचं नाव नसतं.

सहाही मला डोळे मिटून काढता आले असते.

ब्रश भरला. राखाडी, त्यात कावेचा कण.
एकच आडवा फटकारा,
सुळ्याच्या जागी किंचित वर उचललेला.
हात काढून घेतला
आणि पाठीमागे धरून ठेवला, दुसऱ्या हातानं.

जवळून नुसता डाग.
चहाच्या वेळी इद्रिस उठला, दारापर्यंत गेला,
तिथून वळून बघत राहिला.
"हा एमिर," म्हणाला. "माझा भाऊ.
हसू दाबताना असाच दिसायचा."

मग बशीतलं बिस्किट उचललं,
न बुडवताच
डाव्या बाजूनं चावलं.