पंधरा हात मलमल

धरणगावच्या जिनात बावीस वर्षं
सुपडूआप्पांनी सरकीपासून रुई सुटताना पाहिली.
थोडी गिळलीही, रोज, न मोजता.

आता गिरणेकाठच्या मठीत, पहाटे,
चार बोटं रुंद, पंधरा हात लांब मलमल
कोमट मिठाच्या पाण्यात भिजते आहे
आणि मी तिचं एक टोक बोटाला गुंडाळून बसलोय.
तेवढंच माझं काम: टोक सोडायचं नाही.

पहिल्या दिवशी वीतभरच गेली. उलटी.
"घाई नको भो," फुलनाथ म्हणाले,
"घास समज. भाकरीला कधी घाबरला का?"

आज चाळिसावा दिवस.
कापड आत जातं,
डोळ्यांतून पाणी, गळ्याची घाटी वरखाली,
जिनातली जुनी दांडी चालावी तशी.

मग ओढायचं. हळू.
पिवळं, बुळबुळीत, आंबूस वासाचं.
त्यात मी रुई शोधतो, वेड्यासारखा.
एक तंतूही नाही.

आप्पा धापत हसतात:
"अरे, ती पोटात कुठली? छातीत बसलीय."

तरी आम्ही पट्टी धुतो, दगडावर न आपटता,
दोरीवर घालतो.
वाऱ्यानं ती फुगते, बसते, फुगते.
आप्पा तिकडे बघत नाहीत.
खिचडीवर तूप मागतात.