उभ्याची चाकरी

मथू, उद्या पहाटेच्या भरतीला माझी होडी सुटेल.
तोवर ऐक. लिहून घेऊ नकोस,
ह्या घरात लिहिलेलं कुणीतरी वाचतं.

तू सरदेसायांची लेक, माझ्यासारखीच.
गावात आपल्यासमोर कूळ पायातलं काढून येतं,
इथं तू काढशील.
त्याला मान म्हणतात. वर्षाला चार खंडी भात,
दसऱ्याला शालू,
आणि राणीसाहेबांच्या उजव्या हाताला
दीड हात मागं उभं राहण्याचा हक्क.
ह्या दीड हातासाठी तुझे आजोबा
बांदेकरांशी अकरा वर्षं भांडले.

गुडघे ताठ धरलेस तर संध्याकाळी पडशील.
भार ह्या पायावरून त्या पायावर असा न्यायचा
की निऱ्या हलता कामा नयेत.
सुरंगीचे कळे उजाडायच्या आत माळायचे,
उमलल्यावर त्यांना वास सोसत नाही.
विडा देताना नख दिसू नये.
धाकट्या राणीचं नाव काढू नकोस,
कुणी काढलंच, तर खाडीकडं बघ.

एकदा वेंगुर्ल्याला आगबोटीतून उतरून
एजंटसाहेबाची मडम आली होती.
कोकमाचं सरबत औषधासारखं प्यायली,
मग माझ्याकडं बोट केलं. ही काय करते?
मिशनच्या शाळेतली एस्तेरबाई दुभाषी.
राणीसाहेब म्हणाल्या, उभी असते.
मडम हसली नाही.
म्हणाली, तिची आत्या विलायतेत त्यांच्या राणीपाशी आहे,
उमरावाची मुलगी, काळा रेशमी झगा,
राणीची शाल हातावर घेऊन
जेवण उरकेपर्यंत भिंतीपाशी.
तिच्याही पोटऱ्यांत गोळे येतात का,
अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.
एस्तेरबाई थांबली. मी पानाचं तबक उचललं.
नाव ठाऊक नाही त्या बाईचं.
पण मी भार डाव्या पायावर घेतला की वाटतं
तिकडं तिनं उजव्यावर घेतला असेल.

तुझा भास्करदादा मुजऱ्याला आला तेव्हा सतरा वर्षांचा.
जावेच्या हाताखाली वाढलेला, मला बाईसाहेब म्हणणारा.
तीनदा वाकला, राणीसाहेबांना.
मी दीड हात मागं.
त्या वाकण्यातलं मला किती पोचलं
ते मी पुष्कळदा मोजलंय.
जाऊ दे.

राहिला गंजिफा, आणि हे नीट ऐक.
दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातात, त्यानं डाव उघडायचा,
दिवा लागल्यावर कृष्णाचा.
दहा अवतार, एकशे वीस पानं, आणि तुझं काम हरणं.
भोळसट हरलीस तर त्यांना राग येतो.
जिंकत आल्यासारखं वाटलं पाहिजे,
मग वराहाचं एखादं पान हातून निसटावं.
एकतीस वर्षं मी अशी चुकले.
ह्या मुलखात माझ्याइतकं चांगलं कुणी खेळत नाही गो,
आणि हे एकट्या मलाच ठाऊक आहे
असं मी धरून चालले होते.

परवा रात्री बोलावलं. म्हणाल्या, वर बस, गादीवर.
तिसऱ्या हाताला कारभारीणबाई,
पानं वाटून होईतो तिचा डोळा लागला.
समई लावलेली. कृष्ण कुणाकडं?
माझ्याकडं नव्हता.
झोपलेल्या बाईची पानं मांडीवर उताणी पडली होती,
त्यांत नव्हता.
म्हणजे तिथंच.
ती काही बोलली नाही.
पानांचा पंखा मिटला, उघडला, परत मिटला.
खाजणातून सुकतीचं पाणी उतरताना ऐकू येत होतं.
डाव उघडलाच नाही तिनं,
आणि न उघडलेल्या डावात, मथू,
मला हरता येईना.

हा घे जुडगा.
सगळ्यांत लहान किल्ली अत्तराच्या पेटीची.
ती दोनदा फिरवावी लागते.