किती उशा

सरकारनं पाठवलेल्या यादीत सतरा नावं होती.
सतरा डॉक्टर, आमचं कार्ड चालणारे,
घरापासून पन्नास मैलांच्या आत.
मी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक काढलं.
रेआल खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला,
पाय स्टुलावर, मोज्याच्या रबराचा वळ नडगीत रुतलेला;
बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो.

पहिला नंबर गालिचांच्या दुकानाचा निघाला.
माणूस भला. म्हणाला, "रोज दोघंतिघं विचारतात, बाई,
ब्लडप्रेशरच्या गोळ्या ठेवायला लागू का आता?"
दुसरीनं विचारलं, "कोणतं कार्ड?"
मी सांगितलं.
आवाज तसाच गोड राहिला, फक्त
आतून कडी लावल्यासारखा लांब गेला.
तिसरा लहान मुलांचा.
चौथा, पाचवा, सहावा एकाच इमारतीत, एकाच फोनवर,
तिघांनाही मार्चपर्यंत नवा पेशंट नको.
सातव्याकडे बावीस मिनिटं क्लॅरिनेट.
तेवढ्यात मी भांडी घासली, घेवडा निवडला,
मग फोन कट.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
सेंट जॉन नदीच्या काठाकाठानं,
बर्फात रुतलेल्या गल्ल्यांतून पोरं दारापर्यंत सोडली.
एकालाही विचारलं नाही, तुझा बाप कमावतो किती.
पण हे ऐकवणार कुणाला? क्लॅरिनेटला?

अकरावं नाव: लाव्हर्टू, ए., इंटर्नल मेडिसिन.
म्हातारा आवाज आला, बाईचा.
"डॉक्टर आहेत का?"
"नाहीत. वारले. येत्या ईस्टरला सहा वर्षं होतील."
मी म्हटलं, माफ करा.
पेन्सिल नावावर टेकवलीच होती.
"थांब," ती म्हणाली. "त्रास कुणाला होतोय?"
"नवऱ्याला."
"झोपतो किती उशांवर?"

सकाळपासून सगळ्यांनी जन्मतारीख विचारली,
कार्डावरचे आकडे विचारले, मागच्या बाजूचेसुद्धा.
उशा कुणी मोजल्या नव्हत्या.
मीही नाही.
फोन कानाला तसाच धरून मनानं बिछान्यापाशी गेले.
उन्हाळ्यात एक होती.
थँक्सगिव्हिंगला पाहुण्यांसाठी काढलेली दुसरी
कपाटात परत गेलीच नाही.
मग माझी.
"तीन," मी म्हटलं. "आणि रविवारपासून खुर्ची."

पलीकडचं घड्याळ ऐकू आलं.
"चाळीस वर्षं त्यांचा फोन मीच घ्यायचे.
पगार नव्हता, बायको होते ना.
यादीतून नाव काढा म्हणून दोनदा कळवलं,
मग सोडून दिलं. फोन येतात ते बरं वाटतं."
आणि लगेच, हुकूम सोडल्यासारखी:
"लिहून घे. डॉक्टर ओयेलारान.
दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बसते, तुझं कार्ड घेते.
तुमच्या यादीत ती नसेल.
नाव नोंदवणारी आधी नाहीच म्हणेल.
तिला उशा सांग, बाकी काही सांगत बसू नकोस.
आणि ओठ निळे दिसले, धाप थांबेना,
तर गुरुवार कसला, ॲम्ब्युलन्स बोलाव.
बिलाचं नंतर भांडता येतं."

नाव नोंदवणारी म्हणाली, जागा नाही.
मी म्हटलं, तीन उशा. आता खुर्ची.
टायपिंगची टकटक थांबली.
पुन्हा सुरू झाली.
"गुरुवारी, सकाळी पावणेसात. बर्फ आहे त्या दिवशी.
एवढ्या पहाटे रस्ता जमेल ना तुम्हाला?"

मला हसू फुटलं, नाकाडोळ्यांतून पाणी येईतो.
रेआल दचकून जागा झाला. "काय झालं गं?"
"काही नाही.
ते थोरल्याचे मोठे बूट कुठे ठेवलेत आपण?
तुझे आता पायात जायचे नाहीत."